एका बॅटरीवर तीन खुणा

वसईत, पापडीहून किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, भेंडीच्या झाडाखाली, ॲन्सेल्म तुस्कानोचं पत्र्याचं दुकान होतं. पाटी नव्हती. भिंतीवर वायरींची भेंडोळी, कोपऱ्यात चार्जर, बाकावर ओळीने मांडलेल्या बॅटऱ्या. ॲन्सेल्म इंजिनाला हात लावत नसे. "इंजिन बिघडलं की बोंबलतं," तो म्हणायचा. "वायरिंग मुकं असतं. मी मुक्याचा धंदा करतो."

बोलणाऱ्यांवर त्याचा भरवसा नव्हता. गिऱ्हाईक सांगे, दिवे कालपर्यंत ठीक होते, गाडीला कोणी हात लावलेला नाही. ॲन्सेल्म मान डोलवी आणि त्यातला एक शब्दही खरा धरत नसे. तो खिशातून आपला दिवा काढी. दिवा म्हणजे मोटारीचा एक लहान बल्ब, त्याला दोन वायरी, एकीच्या टोकाला चिमटा आणि दुसरीच्या टोकाला गोधडी शिवायची सुई. सुई वायरीत टोचली की वीज आहे की नाही ते बल्ब सांगे. एवढ्या एका साक्षीवर ॲन्सेल्मचा विश्वास होता.

हा स्वभाव जन्माचा नव्हता. विशीत तो मुंबईला भायखळ्याच्या एका गॅरेजात लागला. सहा वर्षं बॅटऱ्यांच्या खोलीत काम केलं. ॲसिडने विजारींची चाळण झाली. मग एकदा दोन नव्या बॅटऱ्यांच्या जागी जुन्या सापडल्या. खोलीची किल्ली ॲन्सेल्मकडे असे, म्हणून सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. चोरी सिद्ध झाली नाही. पण त्याने केली नाही, हेही सिद्ध झालं नाही. महिनाभर लोक त्याच्यासमोर आपापल्या डब्याला कुलूप लावत राहिले. तेव्हा तो सुया, पक्कड आणि कानस घेऊन वसईला परतला.

तेव्हापासून तो देई त्या प्रत्येक बॅटरीच्या, वायर जोडायच्या शिशाच्या खांबावर, खालच्या बाजूला, कानशीचे तीन बारीक घाव घाली. ही खूण त्याने बायकोलाही सांगितली नव्हती.

१९७८ सालच्या जानेवारीत त्याने मार्गारेटबाईंच्या गाडीत नवी बॅटरी बसवली. बाई शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या. गाडी त्यांच्या नवऱ्याची, व्हिन्सेंटची. जुनी विलायती, काळी, गोल पाठीची. व्हिन्सेंट तार ऑफिसात होते. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. गावातल्या निम्म्या नवऱ्या त्या गाडीतून देवळात गेल्या होत्या. बाई कोणाला नाही म्हणत नसत, फक्त गाडी बॅप्टिस्टशिवाय कोणाच्या हातात देत नसत. बॅप्टिस्ट पाचूबंदरचा. होडीवरचं काम पाठीला झेपेना तेव्हा मोटार शिकला आणि वीस वर्षं हीच एक गाडी चालवत आला.

राखेच्या बुधवारनंतर, म्हणजे ईस्टरआधीचे उपवास सुरू झाल्यावर, दहा दिवसांनी बॅप्टिस्टने गाडी दुकानाशी आणली. चौघांनी ढकलत आणली होती, पाचवा तो स्वतः.

"सेल्फ मारला तर नुसता टिक टिक करते," तो घाम पुसत म्हणाला. "नवी बॅटरी ना रे ही?"

"नवीच आहे."

"मग हिच्यात काय पानी भरलंस?"

"तू कुठे नेली होतीस?"

"कुठं नेनार? उपवासाचे दिवस. लग्न नाय, कार्य नाय. शेडमधी उभी हाय."

ॲन्सेल्मने मान डोलवली.

त्याने बॅटरी चार्जरला लावली, आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागला. आधी बॅटरीची एक वायर सोडवली. सोडवलेली वायर आणि बॅटरीचा खांब यांच्या मधोमध आपला बल्ब जोडला. गाडीतलं सगळं बंद असताना हा बल्ब पेटला, तर गाडी चोरून वीज पिते आहे. नाही पेटला, तर गाडी निर्दोष. बल्ब पेटला नाही. त्याने दारं उघडून लावली, चाक वळवलं, हॉर्नची वायर हलवली. बल्ब काळाच. डायनामो मोकळा करून तपासला. कटआऊट, म्हणजे डायनामो थांबला की बॅटरीतली वीज मागे जाऊ न देणारी डबी, उघडून तिचे पॉईंट काचकागदाने घासले. डॅशबोर्डखाली पाठीवर पडून दोन तास वायर न् वायर पाहिली. तिथे एक दोन भोकांचं सॉकेट होतं, रिकामं. जुन्या रेडिओचं असेल, असं धरून तो पुढे सरकला.

तिसऱ्या दिवशी गाडी पहिल्या झटक्यात सुरू होऊन गेली.

आठ दिवसांनी पुन्हा चौघांनी ढकलत आणली. पुन्हा बॅटरी रिकामी, पुन्हा बल्ब काळा, पुन्हा दोन दिवस पाठीवर. गाडी गेली आणि नवव्या दिवशी परत आली. या खेपेला मागून छत्री टेकत मार्गारेटबाईही आल्या. ॲन्सेल्म तिसरीत त्यांच्याच वर्गात होता. त्यांना पाहिलं की तो अजून बिडी मागे लपवायचा.

"ॲन्सेल्म, ही बॅटरी तीच आहे?"

"कोणती, बाई?"

"जानेवारीत बसवलीस ती. गाडी दोनदा तुझ्याकडे राहिली. आली तेव्हाची आणि गेली तेव्हाची, एकच आहे ना?"

ॲन्सेल्मच्या हातातला पाना तसाच राहिला. भायखळ्यानंतर अठरा वर्षांनी तोच प्रश्न, तोही स्वतःच्या दुकानात.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटत नाही. मी विचारते. खडूच्या डब्याच्या वेळीही मी आधी विचारलंच होतं. तू नाही म्हणालास. डबा तुझ्या पिशवीत निघाला."

"बाई, मी आठ वर्षांचा होतो!"

"खोटं बोलायला पुरेसं वय आहे ते. ईस्टरच्या सोमवारी माझ्या भाचीचं, विनीचं लग्न आहे. गाडी तोवर नीट झाली नाही तर मी मुंबईहून माणूस आणीन. तो बॅटरीही बघेल."

बाई गेल्या. दुकानात ॲसिडच्या वासाशिवाय काही उरलं नाही.

दोन दिवसांत गोष्ट गावभर झाली. ॲन्सेल्म पाव आणायला बेलाच्या बेकरीत गेला. बेला पाव देता देता थांबली. "काय रे, बाईंना जुनी बॅटरी घातलीस म्हणतात?" बेकरीत सहा बायका होत्या. सहाही जणींनी एकदम पावाकडे बघायला सुरुवात केली. त्या आठवड्यात चार्जिंगला ठेवलेल्या दोन बॅटऱ्या धनी येऊन अर्ध्यावरच घेऊन गेले. एकाने तर न्यायच्या आधी बॅटरी उचलून वजन घेतलं, मटण विकत घेताना घेतात तसं.

ॲन्सेल्मने बाईंच्या बॅटरीचा खांब तपासला. तीन घाव जागेवर होते. पण खूण दाखवावी तरी कोणाला? ती त्याने स्वतःच घातलेली. उद्या कोणी म्हणेल, घाव काल घातलेस.

मग त्याने उलट्या बाजूने विचार केला. बॅटरी तीच आहे. वायरिंग निर्दोष आहे. गाडी शेडमध्ये आठ दिवसांत रिकामी होते. याचा अर्थ एकच. गाडी शेडमध्ये नसते. कोणीतरी ती बाहेर काढतं, दिवे लावून फिरवतं, जास्त फिरवत नाही म्हणून चार्ज होत नाही, आणि परत आणून ठेवतं. किल्ली बॅप्टिस्टकडे असते. बॅप्टिस्टचा भाऊ कळंबला राहतो. सुकी मासळी बाजारात न्यायला मोटार मिळाली तर कोणाला नको?

तिसऱ्यांदा गाडी परत शेडमध्ये लावली तेव्हा त्याने मागच्या चाकावर, जमिनीला टेकलेल्या जागी, खडूची रेघ ओढली आणि तिच्यासमोर फरशीवर दुसरी. मीटरवरचा मैलांचा आकडा बिडीच्या पाकिटावर लिहिला. सीटवर नाक लावून मासळीचा वास घेतला. वास नव्हता. हेही त्याला संशयास्पद वाटलं. इतकी धुऊनपुसून सीट कशाला ठेवायची?

चार दिवसांनी तो बाई देवळात मिस्सेला, प्रार्थनेला, गेल्याचं बघून शेडशी आला. शेडला दाराऐवजी बांबूचा झाप होता. तो बाजूला करून आत वाकला, तर बॅप्टिस्ट गाडीच्या पायरीवर बसलेला.

"ये," बॅप्टिस्ट म्हणाला. "तुझी रेघ बघायला आलास ना? हाय बघ. पुसली नाय मी."

ॲन्सेल्म झाप हातात धरूनच उभा राहिला.

"वीस वर्सं ही गाडी चालवतो मी. व्हिन्सेंटसायेब गेले तवा शवपेटीच्या मागं हीच गाडी मी पायी चालल्यावानी हळू नेली. आनि तू चाकाला खडू लावतोस? शाळेतला उरला होता वाटतं!"

"किल्ली तुझ्याकडे असते, दादा."

"आनि बॅटरी तुझ्याकडं असते! तीन वेळा तुझ्याकडं ऱ्हायली. मी पन खूण केलीय, समजलास? तू एकटाच शाना नाय."

"कसली खूण?"

"ती सांगायची असते काय?"

दोघं चाकाशी वाकले. दोन्ही रेघा एकमेकींसमोर होत्या. आकडाही पाकिटावरचाच. ॲन्सेल्मने किल्ली मागितली आणि सेल्फ मारला. इंजिन जडपणे फिरलं, जेमतेम सुरू झालं. चार दिवसांपूर्वी ते झटक्यात उठलं होतं.

गाडी हललेली नव्हती, आणि बॅटरी उतरत होती.

ॲन्सेल्म घरी गेला आणि जेवला नाही. त्याच्या हिशेबात न बसणारी एकच गोष्ट उरली होती. दुकानात गाडी वीज पीत नाही, शेडमध्ये पिते. गाडी तीच, बॅटरी तीच, वायरिंग तेच. म्हणजे शेडमध्ये गाडीत असं काहीतरी असतं जे दुकानात नसतं. इतके दिवस तो चोर शोधत होता. बिघाड शोधायचा राहूनच गेला होता.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर त्याने बाईंना देवळाच्या पायऱ्यांशी गाठलं. "बुधवारी सकाळी मी शेडमध्ये येतो. तोवर गाडीला कोणी हात लावायचा नाही. पुसायचं नाही, हलवायचं नाही, आतली काडी काढायची नाही. आणि तुम्ही दोघं समोर पाहिजेत."

"आम्ही कशाला?"

"मी एकटा काम केलं की नंतर प्रश्न होतात."

बुधवारी तो भरलेली बॅटरी, कानस आणि आपला दिवा घेऊन आला. बाईंनी स्टूल घेतलं. बॅप्टिस्ट शेडच्या खांबाला टेकून उभा राहिला.

ॲन्सेल्मने बोनेट उघडलं. "आधी बॅटरीचं होऊ दे," तो म्हणाला आणि बॅटरीच्या खांबाची बाजू उजेडाकडे वळवली. "हे तीन घाव. कानशीचे. जानेवारीत बसवली त्या दिवशी माझ्या हातचे. माझ्यावर विश्वास नसेल तर ठेवू नका."

बाई उठल्या. चष्मा सावरून बॅटरीवर वाकल्या. बॅटरीचं वरचं अंग डांबराने बंद केलेलं होतं. त्या डांबरात, कोपऱ्यात, एक नखाएवढा क्रूस कोरलेला होता.

"केसांच्या आकड्याने कोरला," बाई म्हणाल्या. "पहिल्यांदा तुझ्याकडे पाठवली त्याच्या आदल्या दिवशी." त्यांनी दोनदा बोट फिरवून पाहिलं. "माझाच आहे."

बॅप्टिस्ट पुढे आला. बॅटरी उचलायच्या कडीला आतून जाळ्याचा काळा दोरा बांधलेला होता, गाठ गव्हाच्या दाण्याएवढी. "ही गाठ पाचूबंदरात बांधतात. दुसऱ्या कोनाला जमायची नाय," तो म्हणाला.

एका बॅटरीवर तीन खुणा. तिघांनी एकमेकांपासून लपवलेल्या. कोणी हसलं नाही. बाईंनी पदर नीट केला आणि पुन्हा स्टुलावर बसल्या.

"बॅटरी तीच आहे," त्या म्हणाल्या. "पुढे?"

पुढे ॲन्सेल्मने भरलेली बॅटरी ठेवली, एक वायर सोडली आणि मधोमध आपला बल्ब जोडला.

बल्ब पेटला. मंद, लालसर, पण पेटला.

दुकानात तीन खेपा काळा राहिलेला बल्ब. ॲन्सेल्मने श्वास सोडला. "पिते आहे," तो म्हणाला. "आत्ता, आपल्या डोळ्यांसमोर."

जुन्या गाडीत फ्यूज दोनच असतात. त्याने पहिला काढला. बल्ब पेटलेलाच. दुसरा काढला. तरी पेटलेला. कटआऊटची वायर सोडली. काही फरक नाही. म्हणजे वीज फ्यूजला बगल देऊन जात होती. त्याने मुख्य जोडावरच्या वायरी एकेक सोडवायला घेतल्या. पहिली, दुसरी. तिसरी सुटली आणि बल्ब विझला. परत टेकवली, पेटला. सोडली, विझला. ही वायर बाकीच्यांसारखी कापडी वेष्टणाची नव्हती. प्लास्टिकची होती, करडी, तारायंत्राच्या टेबलाखाली असते तसली.

"हे कोणी जोडलं?"

"व्हिन्सेंटनी," बाई म्हणाल्या. "त्यांना हौस होती."

"हौस होती, फ्यूज नव्हता."

त्याने वायर परत टेकवली, डॅशबोर्डखाली पाठीवर पडला आणि तिला बोटांनी धरून पुढे गेला. वायर त्याच दोन भोकांच्या सॉकेटला आली. आज सॉकेट रिकामं नव्हतं. त्यात एक प्लग होता. प्लगची बारीक वायर वर, काचेपाशी, डॅशबोर्डच्या मधोमध जात होती.

तिथे वीतभर उंचीची मरियामातेची मूर्ती होती. दिसत नव्हती, कारण पायघोळ जांभळ्या कापडाच्या पिशवीत झाकलेली होती. उपवासकाळाच्या शेवटी देवळातले पुतळे असेच झाकतात. बाई शेवटाची वाट बघत नसत. घरातली आणि गाडीतली मूर्ती त्या राखेच्या बुधवारीच झाकून टाकत.

"मूर्तीला दिवा आहे?" ॲन्सेल्मने खालूनच विचारलं.

"पाठीमागे लहानसा आहे. पण तो बंद असतो. खाली बटण आहे, मी स्वतः बघते."

ॲन्सेल्म उठला. हाताची ग्रीस विजारीला पुसली आणि कापडाला हात न लावता जवळ धरला. मग बाजूला झाला.

"बाई, तुम्ही हात लावा."

बाईंनी मूर्तीवर तळवा ठेवला. चेहरा बदलला. "गरम आहे," त्या हळू म्हणाल्या.

बॅप्टिस्टने हात लावला आणि चटकन क्रूसाची खूण केली. "माय माझी! जिती हाय!"

"बल्ब आहे, दादा," ॲन्सेल्म म्हणाला. "तीन वॅटचा."

पिशवी ईस्टरआधी काढायची नाही, यावर बाई ठाम होत्या. मग त्यांनीच खाली वाकून कापडाची कड दोन बोटं वर केली. पिशवी घसरू नये म्हणून त्यांनी मूर्तीच्या बैठकीला नाडी आवळून बांधली होती. नाडीची गाठ नेमकी बटणावर बसली होती आणि तिने ते दाबून धरलं होतं. जाड जांभळ्या कापडाखाली दिवा राखेच्या बुधवारपासून जळत होता. आठ दिवस सलग तीन वॅट. कोणतीही बॅटरी रिकामी होईल.

"पण माझ्या दुकानात ही मूर्ती कधी दिसली नाही," ॲन्सेल्म म्हणाला.

"गाडी तुझ्याकडे न्यायची तेव्हा मी प्लग काढून तिला घरात नेते. परत आली की बसवते. उपवासाच्या दिवसांत मरियामाता तुझ्या दुकानात पाठवू? तिथे कॅलेंडरवर कसली बाई आहे, मला ठाऊक आहे."

बॅप्टिस्ट खो खो हसला. ॲन्सेल्म हसला नाही. तो सॉकेटकडे बघत होता. ते त्याने तिन्ही खेपांना पाहिलं होतं. रिकामं सॉकेट कशाचं, हे एकदा विचारलं असतं तर सहा दिवसांचं काम वाचलं असतं. बोलणाऱ्यांवर भरवसा नाही म्हणून त्याने विचारलंच नव्हतं.

त्याने प्लग काढला, सॉकेटला वेगळा फ्यूज घातला, बाकीच्या वायरी होत्या तशा जोडल्या. शेवटी आपला बल्ब मधोमध धरला. काळा. बाईंना दाखवला. बॅप्टिस्टला दाखवला.

"तुझे पैसे किती झाले?" बाईंनी विचारलं. त्यांनी पर्स उघडली होती.

"ते नंतर. बाई, मी बॅटरी बदलली असं तुम्ही कुठे बोललात?"

"मी असं बोललेच नाही. मला शंका आहे, एवढंच म्हणाले."

"कुठे?"

बाई पर्समध्ये बघू लागल्या. "बेलाकडे."

"मग तिथेच सांगा. दुसरीकडे नको. जिथे बोललात तिथे."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. वर्गात उत्तर आल्यावर पाहायच्या तसं. पर्स बंद केली आणि घरात गेल्या.

ईस्टरच्या सोमवारी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि विनीला देवळात घेऊन गेली. मरियामातेच्या पाठीमागे दिवा लागलेला होता, यावेळी सगळ्यांना दिसत होता. ॲन्सेल्म भेंडीखाली उभा राहून बघत होता. बॅप्टिस्टने त्याच्यासमोर मुद्दाम हॉर्न वाजवला.

मंगळवारी तो बेकरीत गेला. बेला भट्टीपुढे होती. तो पाव घेऊन तिथेच रेंगाळला.

"काय पाहिजे आणखी?"

"बाई आल्या होत्या काय?"

"आल्या होत्या की. शनिवारी."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, ॲन्सेल्मचा काही दोष नाही, गाठ माझी होती."

ॲन्सेल्म पावाची पुडी या हातातून त्या हातात करत राहिला.

"मोठ्याने म्हणाल्या?"

"अरे, बाईच त्या! शाळाभर ऐकू जाईल अशा."

"तेव्हा कोण कोण होतं इथे?"

बेलाने फावडं खाली ठेवलं आणि कमरेवर हात घेतले. "मेल्या, आता काय साक्षीदारांच्या सह्या आणू तुला? मार्था होती, इझाबेल होती, फादरांचा स्वयंपाकी होता. ईस्टरची गर्दी, बाहेर रस्त्यापर्यंत रांग. जा आता!"

ॲन्सेल्म गेला. पण सरळ दुकानात नाही. वाटेत मार्थाचं घर होतं. तिच्या अंगणाशी थांबून त्याने शनिवारी बेलाकडे पाव कसे मिळाले, रांगेत काय बोलणं झालं, असं सहज विचारलं.